उत्तर आधी ठाऊक नसलेला प्रयोग

कल्याण-भिवंडी रस्त्यावरच्या टेमघरला मोठे जलशुद्धीकरण केंद्र आहे. शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी इथे येते, निवळते, गाळले जाते आणि क्लोरीन मिसळून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर या शहरांकडे आणि ठाणे जिल्ह्यातल्या गावांकडे जाते. शहाड-टेमघर या जोडनावावरून ही यंत्रणा ‘स्टेम’ म्हणून ओळखली जाते. याच पाण्यावर वाढणारी मुले शाळेत शिकतात की, गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की ते निवळते. वाक्य बरोबर आहे. पण किती पाण्याला किती तुरटी, हा प्रश्न त्या वाक्यात नाही, आणि विज्ञान सुरू होते ते त्या प्रश्नापासून.

जलशुद्धीकरण केंद्रात हा प्रश्न रोजचा असतो. त्यासाठी ‘जार टेस्ट’ करतात. सहा चंचुपात्रांत नदीचे एकेक लिटर पाणी घ्यायचे, प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा टाकायची, मिनिटभर जोरात ढवळायचे आणि मग पंधरा-वीस मिनिटे अगदी सावकाश. हळूहळू पाण्यात कापसासारखे पुंजके दिसू लागतात. ढवळणे थांबवून अर्धा तास वाट पाहिली की ते तळाशी बसतात. ज्या सर्वांत कमी मात्रेत पाणी नीट निवळले, ती त्या दिवशीची मात्रा. पहिल्या पावसानंतर नदी लाल होते आणि कालचे उत्तर आज चालत नाही. तुरटी जास्त झाली, तर पाण्याची आम्लता वाढते आणि निवळण्याची क्रियाही बिघडू शकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची गढूळता 1 एनटीयूपर्यंत असावी आणि दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालते. हे सगळे त्या सहा चंचुपात्रांभोवती उभे असते, पण पाठ्यपुस्तकाच्या एका ओळीत ते मावत नाही.

आपल्याकडे विज्ञानशिक्षकाची घडण या ओळीपाशीच थांबते. बी.एस्सी., मग बी.एड., मग नोकरी. या वाटेवर उत्तर आधी ठाऊक नसलेला प्रयोग करण्याची वेळ बहुतेकांवर येतच नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत निष्कर्ष आधीपासून माहीत असतो आणि निरीक्षणे त्याला जुळवून लिहिली जातात. जो स्वतः असा शिकला, तो वर्गात ‘जिज्ञासा जागवा’ या सूचनेचे काय करणार? दोष त्याचा नाही. त्याला आपण विज्ञानाचे निकाल हातात दिले, विज्ञान करू दिले नाही.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरली आहे. हेतू चांगला आहे. पण हे तास सभागृहातल्या पडद्यासमोर आणि मोबाइलवरच्या चित्रफिती पाहण्यात गेले, तर प्रमाणपत्रांची फाइल जाड होईल, वर्ग आहे तिथेच राहील. माझे म्हणणे असे आहे की, या तासांचा मोठा हिस्सा शिक्षकांनी शास्त्रज्ञांबरोबर, आपल्याच परिसरातल्या खऱ्या प्रश्नावर संशोधन करण्यात घालवावा.

शास्त्रज्ञ आणि शाळाशिक्षक यांनी एकत्र काम करणे महाराष्ट्राला नवे नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मुंबई महापालिकेच्या शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचे काम केले. 1974मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले आणि सत्तरच्या दशकातच ते जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला पोहोचले. तिथल्या ग्रामीण शाळांमधल्या शिक्षकांबरोबर काम करताना मुलांच्या खऱ्या अडचणी समोर आल्या. पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा हाच विज्ञान समजण्यातला अडथळा असतो का, हा केंद्राच्या संशोधनाचा महत्त्वाचा विषय झाला. ग्रामीण वर्गात पाय ठेवल्याशिवाय या प्रश्नाचे वजन कळत नाही.

शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972मध्ये 16 उच्च प्राथमिक शाळांत सुरू झाला. दिल्ली विद्यापीठ आणि टाटा संस्थेतले वैज्ञानिक खेड्यातल्या शिक्षकांसोबत बसून प्रयोग करत, फसलेल्या प्रयोगाची कारणे शोधत. मासिक बैठकांत शिक्षक आपल्या वर्गात अडलेले प्रश्न घेऊन येत. पुढे हेच शिक्षक इतरांना शिकवू लागले. 2002मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे चाललेले काम एका आदेशाने थांबू शकते, हाही त्यातला धडा आहे: अशी व्यवस्था कुणाच्या मर्जीवर न ठेवता शिक्षकाच्या सेवेचा भाग करावी लागते.

याचा मुलांना उपयोग होतो का? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने विज्ञानशिक्षकांना सलग दोन उन्हाळे संशोधकांच्या प्रयोगशाळेत काम दिले. 2009मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. कार्यक्रमात येऊन तीन-चार वर्षे झालेल्या शिक्षकांचे विद्यार्थी राज्याच्या विज्ञान परीक्षेत, त्याच शाळांतल्या इतर शिक्षकांच्या विद्यार्थ्यांपेक्षा सुमारे 10 टक्क्यांनी जास्त उत्तीर्ण झाले. लगेच नाही, तीन-चार वर्षांनी, हे लक्षात घ्यायला हवे. संशोधनाची सवय हळूहळू मुरते आणि मग वर्गात उतरते.

आपल्याकडे मुलांसाठी हा मार्ग 1993पासून खुला आहे. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मुले स्थानिक प्रश्नावर प्रकल्प करतात, सोबत मार्गदर्शक शिक्षक असतो. त्या मार्गदर्शकाने स्वतः कधी संशोधन केले आहे का, हे मात्र आपण विचारत नाही. मुलांकडून जे मागतो, ते शिक्षकाला आधी अनुभवू द्यायला हवे.

टेमघरच्या परिसरात त्यासाठी प्रश्न शोधत फिरावे लागणार नाही. शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यात क्लोरीन असतो. नळाच्या शेवटच्या टोकालाही तो लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरावा, असे मानक सांगते. वाटेत तो कमी होत जातो: वेळेमुळे, उष्णतेमुळे, पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यामुळे, जलवाहिनीच्या आतल्या थरामुळे. त्यात आपला पुरवठा ठरावीक तासांचा, घरोघर टाक्या. मग कोणत्या वस्तीत, कोणत्या महिन्यात, टाकीत किती तासांनी क्लोरीन संपतो? गावोगावचे जलसुरक्षक पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर क्लोरीनसाठी ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करून पिवळा रंग पाहतातच. शिक्षकांनी त्याऐवजी गुलाबी छटा देणारी, हाताळायला सुरक्षित डीपीडी चाचणी शिकावी. दहा शाळांतल्या शिक्षकांनी वर्षभर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या नळांवर मोजमाप केले, तर त्यातून वितरणाचा जो नकाशा उभा राहील, तो पाण्यावर काम करणाऱ्या अभ्यासकालाही हवासा वाटेल.

मोजमाप करताना शिक्षकाच्या पहिल्यांदा लक्षात येईल की एकाच नळाचे तीन नमुने तीन आकडे देतात. चूक नमुना घेण्यात झाली, बाटली धुण्यात, की पाणीच खरोखर बदलले? शास्त्रज्ञ शेजारी हवा तो इथे. भाषण द्यायला नाही, तर ‘पुन्हा घेऊन पाहू’ म्हणायला. हे शब्द एकदा मनावर ठसले की शिक्षक वर्गातल्या मुलाचे वेगळे आलेले वाचन खोडायला सांगणार नाही, त्याचे कारण शोधायला लावील.

अर्थात काही अटी पाळाव्या लागतील. शिक्षकाला केवळ नमुने गोळा करणारा हात समजू नये. प्रश्न ठरवण्यात आणि निष्कर्ष काढण्यात त्याचा वाटा असावा आणि अहवालावर त्याचे नाव असावे. या कामाचे तास त्या 50 तासांत धरावेत आणि तेवढ्या वेळेपुरती सर्वेक्षणे, याद्या, ऑनलाइन माहिती भरणे यांतून त्याची सुटका करावी. शाळासमूहाच्या केंद्रातल्या शिक्षण परिषदेत या आकड्यांवर चर्चा व्हावी. जवळच्या महाविद्यालयांतल्या रसायन आणि पर्यावरण विभागांनी हे काम उपकार म्हणून नाही, आपले संशोधन म्हणून अंगावर घ्यावे.

खर्च फार नाही. रसायने, बाटल्या, एखादे गढूळतामापक यंत्र आणि वर्षभर टिकणारी शिस्त. जिल्हा परिषदेने आणि महापालिकेने एका शाळासमूहापासून येत्या जूनमध्येच सुरुवात करावी, कारण नदी सर्वांत जास्त शिकवते ती पावसाळ्यात. पाच वर्षांनी भिवंडी तालुक्यात असे शंभर शिक्षक असतील, ज्यांनी स्वतःच्या गावाच्या पाण्याबद्दल आधी कुणालाच ठाऊक नसलेली एखादी गोष्ट शोधून काढली आहे, तर विज्ञानशिक्षणाच्या सुधारणेसाठी वेगळ्या मोहिमेची गरज उरणार नाही.