पहाटे पाच बाराचं दूध

पंचगंगेच्या काठावरच्या एका गावात दूध संस्था होती. बिलं दर दहा दिवसांनी निघत: 1 ते 10, 11 ते 20 आणि 21 ते महिनाअखेर. संस्थेनं नवं सॉफ्टवेअर घेतलं. दूध मापलं, फॅट लागली की पावती बाहेर यायची आणि नोंद थेट दूरच्या सर्व्हरवर जायची. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी संकलन आटोपलं की सचिव बटण दाबत आणि सगळ्या गावाची बिलं तयार होत.

सगळ्यांत आधी दूध घालायला येत त्या आक्का. पुढं भांगलणीला जायचं असे, म्हणून पाचच्या सुमारासच त्या किटली घेऊन दारात हजर. पावत्या त्या तारेला टोचून ठेवत. ऑक्टोबरचं पहिलं बिल हातात आल्यावर त्यांनी पावत्या मोजल्या. वीस भरल्या. बिलात नोंदी एकोणीस.

“एक तारखेचं सकाळचं दूध कुठं गेलं?”

“आक्का, कॉम्प्युटर चुकत नसतो. दुसऱ्या कुणाची पावती आली असेल तुमच्या तारेत.”

“नंबर माझाच हाय की. आन् मागच्या बिलाला एकवीस तारखेची सकाळबी न्हवती.”

“कळवतो,” सचिव म्हणाले. कळवलं नाही.

वीस तारखेला सॉफ्टवेअरवाला तरुण दुसऱ्याच कामासाठी आला. आक्कांनी त्याला गाठलं. त्यानं अकरा वाजता एक खोटी नोंद टाकून पाहिली. तारीख चोख उमटली. “सगळं ठीक आहे, आक्का.”

“अकरा वाजता दूध कोण घालतंय? पहाटं येऊन बघ, बाळा.”

पोरगा भला, मुक्कामाला राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे आक्कांची पावती निघाली: 21 ऑक्टोबर, 5:12. त्यानं लॅपटॉपवर टेबल उघडलं. तिथं त्याच दुधापुढं लिहिलं होतं: 20 ऑक्टोबर, 23:42.

दिवस कधी उजाडतो, हे ज्यानं त्यानं ठरवायचं असतं. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, कॅलेंडरची तारीख मध्यरात्री. सर्व्हर वेळ ठेवत होता यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. त्याची मध्यरात्र आपल्याकडं पहाटे साडेपाचला होते. वेळ अशी साठवण्यात गैर काही नाही, उलट तेच शहाणपणाचं. घोळ होता क्वेरीत, म्हणजे बिलासाठी नोंदी मागवणाऱ्या प्रश्नात. तिथं साठवलेल्या वेळेवर थेट ‘डेट’ फंक्शन लावलं होतं. त्यामुळं साडेपाचच्या आधी आलेलं दूध आदल्या तारखेत पडे. एरवी त्यानं काही बिघडत नसे, कारण दोन्ही तारखा एकाच बिलात येत. पण एक तारखेच्या पहाटेचं दूध मागच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेत जाई आणि ते बिल तर आदल्या संध्याकाळीच निघालेलं असे. नव्या बिलाची सुरुवात एक तारखेपासून. दूध ना इकडं, ना तिकडं.

तरुणाला घाई होती. त्यानं ‘डेट’ फंक्शन काढून टाकलं, वेळ भारतीय करून घेतली आणि सरळ ‘बिट्वीन’ लिहिलं: 21 ते 31 ऑक्टोबरच्या मध्ये. वाचायला निर्मळ वाक्य. पण नुसती तारीख दिली की डेटाबेस तिच्यापुढं रात्रीचे शून्य वाजले असंच धरतो. ‘31 पर्यंत’चा अर्थ झाला 31 तारीख सुरू होण्याच्या क्षणापर्यंत.

31 तारखेच्या संध्याकाळी बटण दाबलं आणि सबंध गावाचं 31 तारखेचं दूध बिलातून गायब झालं. त्यात सचिवांच्या दोन म्हशींचंही होतं. आक्कांच्या तक्रारीला ज्यांना फोन सापडला नव्हता, त्यांनी या वेळी दहा मिनिटांत फोन लावला.

आता तरुणानं अट नीट लिहिली: 21 तारखेच्या मध्यरात्रीपासून पुढं आणि 1 नोव्हेंबरच्या मध्यरात्रीच्या आत, दोन्ही मध्यरात्री ‘एशिया/कोलकाता’ प्रमाणं. सर्व्हरच्या भाषेत सांगायचं तर 20 तारखेच्या 18:30 पासून 31 तारखेच्या 18:30 च्या आत. शेवटची तारीख धरायची नाही, तिच्या पुढच्या दिवसाच्या आत थांबायचं. मग महिना 28 चा असो की 31 चा. साठवलेल्या रकान्याला फंक्शन न लावता त्यानं या दोन टोकांचंच रूपांतर केलं, त्यामुळं नोंदी पटकन शोधून देणारा इंडेक्सही कामाला आला आणि बिलं पूर्वीपेक्षा लवकर निघू लागली.

नोंदी मुळात शाबूत होत्या, चुकलं होतं ते विचारणं. म्हणून मागची सगळी बिलं पुन्हा काढता आली. थकबाकीच्या यादीत साडेपाचच्या आधी येणारी सगळी घरं निघाली, बहुतेक मजुरीला जाणारी. ज्यांनी पावत्या चुलीत घातल्या होत्या, त्यांनाही पैसे मिळाले. सचिवांनी यादी फलकावर लावली आणि सहीसाठी पहिलं नाव आक्कांचं पुकारलं. त्या भांगलणीला गेल्या होत्या.