रिकाम्या कबरेपासून परतताना

शास्त्रपाठ : मत्तय २८:१-१०

पवित्र भूमीस जाणाऱ्या आपल्या प्रॉटेस्टंट लोकांचा शेवटला दिवस बहुधा यरुशलेमेतील बागेतल्या कबरेपाशी जातो. तेथे झाडांखाली बाकांवर बसून प्रभुभोजन घेतात. पेले जैतुनाच्या लाकडाचे, अगदी लहान असतात. आमचाही शेवटला दिवस तेथेच गेला. त्याच रात्री विमानाने निघावयाचे होते, म्हणून पुष्कळांचे डोळे भरून आले.

परंतु ती कबर प्रभूचीच होय काय? जवळच, शहराच्या कोटाच्या आत, पुनरुत्थानाचे जुने मंदिर आहे. कॉन्स्टंटाईन बादशहाने बांधविलेल्या त्या मंदिराचे अर्पण इ.स. ३३५ मध्ये झाले, आणि बहुतेक ख्रिस्ती जगाने तीच जागा मानिली. बागेतली कबर १८६७ मध्ये उजेडात आली; जनरल गॉर्डन यांनी १८८३ मध्ये तिचा पक्ष घेतला, व १८९४ मध्ये इंग्रज बंधूंनी ती जागा विकत घेतली. तेथील शांतता मनास भावते खरी. तथापि जाणते संशोधक म्हणतात की तो खोदीव खडक प्रभूच्या काळाहून कित्येक शतके जुना आहे, आणि योसेफाची कबर तर नवी होती. मला जुन्या मंदिराचाच पुरावा बळकट वाटतो. मोशेची कबरही देवाने कोणास कळू दिली नाही. ह्यात मला त्याची दयाच दिसते.

त्या पहाटे देवदूताने स्त्रियांस जागा पाहण्यास बोलाविले, आणि लगेच तेथून धाडूनही दिले. मत्तय सांगतो की येशू त्यांस भेटला तो वाटेवर. शिष्यांस तर गालीलात जाण्याची आज्ञा झाली. गालील म्हणजे त्यांचे घर, त्यांची जाळी, त्यांचे शेजारी.

आम्ही निघण्यापूर्वी एका वृद्ध भगिनीने यार्देनेचे पाणी मागितले होते. तिचा नातू आजारी होता. ते पाणी तिकडे बाटल्यांत भरून विकतात. मी आणिले. आपल्या वाडवडिलांनी काशीहून गंगाजल आणिले. ती ओढ एक-दोन पिढ्यांत सुटत नाही, आणि तिला मी हसणार नाही. नामानानेही दोन खेचरांचे ओझे माती मागितली, व अलीशा त्यास रागावला नाही. पण त्याचे कोड पाण्याच्या गुणाने गेले नव्हते. अलीशाच्या काळी इस्राएलात कोडी पुष्कळ होते, नदीही तीच होती, आणि शुद्ध झाला तो एकटा नामान, हे प्रभूनेच सांगितले आहे (लूक ४:२७). बाईस बाटली देण्याआधी मी विचारले, मुलास दवाखान्यात नेले काय?

आणखी एका बंधूने विचारले, शेताचा तुकडा गहाण ठेवून यात्रेस जावे काय? मी स्पष्ट नको म्हटले. ज्यास देवाने पैसा दिला आहे त्याने खुशाल जावे. यरुशलेमेहून यरीहोपर्यंत सुमारे १००० मीटरांचा उतार एकदा पाहिला, म्हणजे जखमी वाटसरूचा दाखला निराळाच वाचला जातो. परंतु त्यात पुण्य नाही, आणि सावकाराचे व्याज फेडणाऱ्या घराचे त्याने काही भले होत नाही. ह्या बंधूच्या गावी येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. तेथली भाकर त्याच शेताच्या गव्हाची असते.