आश्रम स्वच्छ तो कोणासाठीं ?

एखादा वृद्धाश्रम पाहावयास गेलेल्या पाहुण्याच्या तोंडून पहिला उद्गार बहुधा एकच निघतो : "किती स्वच्छ ठेवलें आहे हो !" व्यवस्थापकांच्या मुद्रेवर समाधान उमटतें, पाहुणे अभिप्रायाच्या वहींत चार ओळी लिहितात, आणि देणगीची पावती फाडली जाते. हा उद्गार खोटा नसतो. फरशी खरोखरच लखलखीत असते. परंतु त्याच फरशीवरून ज्यांस रात्रीं दोन वेळां उठून मोरीकडे जावयाचें असतें त्यांस ती कशी वाटते, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. घोटून गुळगुळीत केलेली ओली फरशी पाहुण्याच्या डोळ्यांस सुखाची, आणि ऐंशी वर्षांच्या पायांस वैरीण. एकाच वस्तूविषयीं हीं दोन मतें कां पडावींत, आणि पडल्यास कोणाचें खरें मानावें, हा प्रश्न वरवर केरसुणीचा आणि फिनेलचा दिसला तरी आमच्या मतें तो नीतीचा आहे.

वृद्धाश्रम असावे कीं नसावे हा वाद आम्ही येथें उकरून काढीत नाहीं. ते आहेत, आणि वाढणार आहेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाविषयीं २००७ सालीं झालेल्या कायद्यानें तर प्रत्येक जिल्ह्यांत निदान एक, आणि किमान १५० निराधार वृद्धांस पुरेल असा, आश्रम काढण्याची कल्पना राज्य सरकारांपुढें ठेवली आहे. दीडशें माणसें एका छपराखालीं आलीं म्हणजे घरांतील सैल रीत तेथें चालणार नाहीं, हें उघड आहे. घरीं आजीच्या उशाखालीं तपकिरीची डबी, गुळाचा खडा, जुन्या पत्रांचा जुडगा, जुनेराचें गाठोडें असें कांहींबाहीं असतें. सून कुरकुरते, पण तें तसेंच राहतें. आश्रमांत पाऊल ठेवल्याबरोबर स्वच्छतेच्या नांवाखालीं प्रथम जातें तें हें गाठोडें.

येथें व्यवस्थापकांवर तोंडसुख घेणें सोपें आहे. आम्हांस तें करावयाचें नाहीं. गुळाच्या खड्यास मुंग्या लागतात, जुनेरांत ढेकूण होतात, आणि एकाच्या अंगची खरूज हां हां म्हणतां सगळ्या दालनाची होते. शेजारच्या खाटेवरील माणसासही सुखानें निजण्याचा हक्क आहे. तेव्हां व्यवस्थापकांची अडचण खरी. चुकतो तो त्यांचा उपाय. गुळाचा खडा फेकून देणें हा एक उपाय, आणि त्यास घट्ट झांकणाचा डबा देणें हा दुसरा. मुंग्या दोहोंनींही जातात. पहिल्या उपायांत मुंग्यांबरोबर आजीचाही कांहीं अंश जातो, आणि तो मागाहून कोणत्याच वहींत नोंदला जात नाहीं.

जें स्वच्छतेचें तेंच, किंबहुना अधिक तीव्रतेनें, सुरक्षिततेचें. याचें एक उदाहरण आम्हांस विसरतां येत नाहीं. तें वृद्धाश्रमाचें नव्हे, पण दुसऱ्याच्या स्वाधीन झालेल्या माणसांच्याच निवासाचें आहे. तामिळनाडूंत रामनाथपुरम् जिल्ह्यांतील एरवाडी येथें, तेथील दर्ग्याच्या परिसरांत, मनोरुग्ण ठेवण्याचीं खासगी घरें चालत. ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहांटे त्यांपैकीं एका घराच्या शाकारलेल्या छपरास आग लागली. रुग्ण पळून जाऊं नयेत, आपणांस वा दुसऱ्यास इजा करूं नयेत, म्हणून त्यांस साखळ्यांनीं बांधून ठेवलेलें होतें. २८ माणसें मेलीं. त्यांच्या जिवास अपाय होऊं नये हा ज्या साखळीचा उघड हेतु, तिनेंच त्यांस आगींतून उठूं दिलें नाहीं. पुढें २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रुग्णास साखळीनें बांधणें सर्वस्वी निषिद्ध ठरविलें.

परंतु साखळी लोखंडाचीच असते असें नाहीं. खाटेस दोहों बाजूंनीं लाविलेले उंच कठडे, रात्रीं आठ वाजतां कुलूप पडणारी जाळी आणि भलत्याच्याच कमरेला असलेली तिची किल्ली, गरज नसतां दिलेली झोंपेची गोळी, हीं तिचींच भावंडें होत. सर्वांत सौम्य साखळी प्रेमळ शब्दांची असते : "आजोबा, उठूं नका बरें, पडाल." आजोबा ऐकतात. उठणें थांबलें म्हणजे म्हाताऱ्या पायांतील बळ पाहतां पाहतां ओसरतें; मग खरोखरच उठवत नाहीं; मग पाठीस बिछान्याचे व्रण पडतात. पडूं नये म्हणून ज्यास उठूं दिलें नाहीं तो कायमचाच पडून राहतो. तथापि आश्रमाच्या दफ्तरीं पडण्याच्या अपघातांचा आंकडा शून्य येतो, आणि वार्षिक अहवालांत तो अभिमानानें छापतां येतो.

"मोकळें सोडलें आणि मांडीचें हाड मोडलें तर जबाबदार कोण ?" असा सवाल यावर येतो. तो टाळतां येण्याजोगा नाहीं. मोडलेल्या हाडानंतर कित्येक वृद्ध पुन्हा चालत नाहींत, आणि मुलगा, ज्यानें सहा महिन्यांत तोंड दाखविलेलें नसतें, तो त्या दिवशीं वकील घेऊन येतो. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं धोक्याच्या दोन जाती ओळखाव्या. मोरीच्या तोंडाशीं साचलेलें पाणी, अंधारा बोळ, पाय अडखळेल असा उंबरठा, संडासांत धरावयास दांडी नसणें, जमिनीस पाय टेकणार नाहींत इतकी उंच खाट, आधीं कढत पाणी सोडणारा नळ, लोंबकळणारी विजेची तार, हे सगळे धोके आश्रमानें माणसावर लादलेले होत. ते दूर केल्यानें कोणाचें कांहींच हिरावलें जात नाहीं. अंगणांतल्या तुळशीपर्यंत स्वतःच्या पायांनीं जाणें, हा मात्र त्या माणसानें जगण्याच्या ओघांत पत्करलेला धोका आहे, आणि तो पत्करावा कीं नाहीं हें ठरविणें, त्याची बुद्धि शाबूत असेतोंपर्यंत, त्याच्याकडेच राहिलें पाहिजे. आतां होतें असें कीं पहिल्या जातीचा धोका काढण्यास गवंडी लागतो, सुतार लागतो, पैसा लागतो. दुसऱ्या जातीचा धोका एका कुलपानें निघतो. म्हणून कुलूप लागतें. आपला पैसा वांचविण्यासाठीं दुसऱ्याचें स्वातंत्र्य खर्चीं घालणें यास आपण सुरक्षितता म्हणतों. आमच्या मतें त्याचें खरें नांव निराळें आहे.

पैशाची गोष्ट निघालीच म्हणून सांगावयाचें. दानशूर मंडळी इमारतीस देतात, कारण इमारतीवर संगमरवरी पाटी बसते. गळक्या नळाच्या वायसरावर कोणाचें नांव कोरतां येत नाहीं, त्यामुळें तो गळतच राहतो, भिंतीस ओल येते, ओलीनें बुरशी, आणि बुरशीनें दमेकऱ्यांस खोकला. अहिल्याबाई होळकर यांची आठवण आपण घाटांसाठीं आणि देवळांसाठीं काढतों. बांधलेल्या वस्तूच्या चालू खर्चाचीही सोय त्यांनीं खासगीच्या उत्पन्नांतून लावून दिली, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. जीर्णोद्धारास पुण्य मानणाऱ्या समाजांत किरकोळ दुरुस्तीस कोणी देणगीदार मिळूं नये, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें.

आणि झाडणारा हात ? गाडगेमहाराजांनीं (१८७६–१९५६) दिवसा गांव झाडलें आणि रात्रीं कीर्तन केलें. केरसुणी आणि कीर्तन यांत त्यांनीं उच्चनीच मानलें नाहीं. आम्ही त्यांचीं चित्रें आश्रमांच्या भिंतींवर लावतों, आणि त्याच भिंतीखालीं फरशी पुसणाऱ्या मावशीस चहा वेगळ्या कपांतून देतों. रात्रपाळीस ती एकटी असते. मलमूत्र काढणें, कूस वळविणें, पाणी पाजणें, आणि पहांटेपूर्वीं दालन पुसून लखलखीत करणें, इतकें सगळें तिच्याकडे. एवढें काम एका माणसाकडून उरकावयाचें तर म्हाताऱ्यांस खाटेस खिळवून ठेवल्यावांचून तिला तरी दुसरा मार्ग काय ? वृद्धांच्या वाट्यास येणारा पुष्कळसा कठोरपणा मावशीच्या स्वभावांतून नव्हे, तर पगारपत्रकांतून उगम पावतो.

अमेरिकेंत एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञ विदुषींनीं एका वृद्धनिवासांत केलेला प्रयोग १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं रहिवाशांस आपले बारीकसारीक निर्णय आपण घ्या असें सांगून एकेक रोप स्वतः वाढविण्यास दिलें. इतरांसही रोपें दिलीं, पण त्यांची निगा परिचारिका ठेवीत. पहिल्या गटांतील माणसें अधिक उल्हसित आणि जागरूक दिसूं लागलीं. हें सांगण्यास शास्त्रज्ञ लागावे, याचें आमच्याकडील कोणाही आजीस हसूं येईल.

आम्हीं पाहिलेल्या एका आश्रमांत अशाच एक आजी होत्या. आपल्या खाटेभोंवतालचा चार हातांचा कोपरा त्या रोज सकाळीं खाटेवर बसूनच केरसुणीनें झाडीत. दृष्टि अधू, निम्मा केर तेथेंच राहावयाचा. व्यवस्थापकांनीं दोनदां मना केलें, आजींनीं दोनदां अन्न टाकलें. पुढें तो वाद आपोआप मिटला. आम्ही गेलों त्या दिवशीं दुपारीं आजींचा डोळा लागला होता, आणि मावशी खालीं बसून, आवाज न करतां, तोच कोपरा ओल्या फडक्यानें पुसून लगेच कोरड्या फडक्यानें टिपीत होत्या. हें दुहेरी काम कशाला, असें आम्हीं विचारलें. त्या हळूच म्हणाल्या, "झाडलं त्यांनीच आहे. मी नुसता मागून हात फिरवते. उठल्यावर त्यांना सांगूं नका."