ऐतिह्य आणि सीलबाख

बव्हेरियातून आलेल्या सीलबाख बंधूंनी अमेरिकेतील केंटकी राज्यात, लुइव्हिल शहरी, १९०५ साली जे आलिशान हॉटेल उघडले, त्याच्या नावाच्या कॉकटेलने ज्ञान प्रमाण कशावरून मानावे हा जुना प्रश्न नव्याने उभा केला आहे. बर्बन, म्हणजे निम्म्याहून अधिक मका असलेल्या धान्यापासून गाळून आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवलेली व्हिस्की, क्वांत्रो हे संत्र्याचे गोड मद्य, अँगोस्तुरा व पेशो या कडू अर्कांचे प्रत्येकी सात शिंतोडे आणि वर शॅम्पेन, अशी त्याची कृती. एरवी दोन-तीन शिंतोड्यांत भागते, तिथे हे चौदा. हा विक्षिप्तपणाच कदाचित पुढे लोकांना जुनेपणाची खूण वाटला असावा.

हे पेय १९१७ च्या सुमाराचे असून १९२० च्या दारूबंदीनंतर विस्मृतीत गेले होते, असे हॉटेलातील अ‍ॅडम सीगर यांनी १९९५ मध्ये सांगितले. फसफसून उतू जाणारी शॅम्पेन बारमनने गिऱ्हाइकाच्या मॅनहॅटन नावाच्या कॉकटेलच्या पेल्यात धरली, ही कथाही जोडली. जाणकारांनी ती ग्रंथांत घेतली आणि २०१६ मध्ये सीगर यांनीच सारे आपण रचल्याचे कबूल केले.

मूळ वक्ता अज्ञात असलेल्या, परंपरेने चालत आलेल्या वार्तेस भारतीय दर्शनांत ऐतिह्य म्हणतात. ‘या वडावर यक्ष राहतो’ हे तिचे ठरलेले उदाहरण. पौराणिक तिला स्वतंत्र प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन मानतात, तर नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, तिचा समावेश शब्दात, म्हणजे विषय जाणणाऱ्या आणि यथार्थ बोलणाऱ्या आप्ताच्या वचनात करतात. वक्ता आप्त नसेल, तर वार्ता कितीही पसरो, ती प्रमाण ठरत नाही. लुइव्हिलमध्ये वक्ता समोर होता, पण लोकांनी नव्वद वर्षांच्या वास्तूलाच आप्त मानले.

कबुलीही त्याच मुखातून आली, आणि तिने सीगर यांना कर्तेपणाचे श्रेयही दिले. तेव्हा केवळ त्यांच्या शब्दावर ती मान्य करणे ही जुन्याच चुकीची पुनरावृत्ती होय. तिला बळ मिळते ते १९९५ पूर्वीची या पेयाची नोंद पुढे न आल्यामुळे. शोधूनही न आढळणे, म्हणजे अनुपलब्धी, हे मीमांसा दर्शनातील भाट्ट पंथाच्या मते स्वतंत्र प्रमाणच आहे.

चव प्रत्यक्षाचा, म्हणजे इंद्रियांच्या अनुभवाचा विषय असल्याने ती या कबुलीने खोटी ठरली नाही. खोटा ठरला तो चवीवर लादलेला काळ. त्यामुळे पेय यादीत राहण्यास हरकत नाही, मात्र त्यापुढे १९१७ नव्हे, १९९५ हेच साल छापले पाहिजे.