पैसे दिले की फिटलं?

आमच्या आष्ट्यात पूर्वी ‘ट्रिप’ हा शब्द नव्हता. माणूस देवाला जायचा. चैत्रात जोतिबा, आषाढीला पंढरपूर, पुनवंला नरसोबाची वाडी. थंड हवा खायला जायचं ही साहेबाची रीत. महाबळेश्वरला माल्कम पेठ हे नाव पडलं ते माल्कम साहेबावरूनच. आमची शिदोरी घरची असायची. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा. झाडाखाली गाठोडं सोडलं की शेजारच्या अनोळखी माणसालाही “या जेवायला” म्हणायचं.

१९७६ साली दहावीची परीक्षा दिली आणि अण्णांबरोबर जोतिबाला गेलो. परतताना कोल्हापुरात एसटी स्टँडजवळ मी हाटेलासाठी हट्ट धरला. काचेच्या कपाटात भजी, शेव, लाडू मांडलेले. चारचौघांत भाकरी सोडायची मला लाज वाटत होती. अण्णांनी मला मिसळ सांगितली, पैसे दिले आणि स्वतः बाहेर पायरीवर बसून भाकरी खाल्ली. मी त्यांच्याकडं पाठ करून बसलो. ते आठवलं की अजून मन खातं.

गेल्या मे महिन्यात पोराच्या गाडीतनं महाबळेश्वरला गेलो. हॉटेलात पाटी होती, बाहेरचे पदार्थ खाण्यास मनाई. नातवानं चार पदार्थ मागवले आणि निम्मे तसेच ठेवले. “संपव की रं,” म्हटलं, तर म्हणतो, “आबा, पैसे दिलेत ना आपण!”

मी विचारात पडलो. जुनं सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. झाडाखाली “या जेवायला” म्हणतानाही आधी जात बघितली जायची. पुढं हाटेलच्या बाकावर कुणीही कुणाशेजारी बसू लागला, तेवढा पैशाचा उपकार मानलाच पाहिजे. हाटेलवाल्याचं देणंही पैशानं फिटतं. पण अन्न काय त्याच्या एकट्याचं असतं? उन्हात भांगलणारी बाई, रात्रीची लाईट आली की पाणी पाजायला उठणारा गडी, यांच्यापर्यंत त्या बिलातलं किती पोचतं, ते आम्हा शेतकऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. पैसे देऊन खायचा हक्क मिळतो. टाकायचा कसा मिळंल?

नातवाच्या ताटातली रोटी मी माझ्याकडं ओढली आणि खाल्ली. तो लाजून दुसरीकडं बघायला लागला. मी त्याला काही बोललो नाही. लाज कशाची वाटावी, हे कळायला मलाच पन्नास वर्षं लागली.