उसना आवाज

काही महिन्यांत ज्याचा गुण ओसरणार हे आधीच ठाऊक आहे, अशा औषधाने लाभलेला आवाज आपला म्हणावा काय? 'स्पाज्मोडिक डिस्फोनिया'च्या रुग्णांपुढे हा प्रश्न वर्षातून अनेकदा उभा राहतो.

या विकारात मेंदूकडून स्वरयंत्राच्या स्नायूंना विपरीत संदेश जातात. बोलू लागताच स्वरतंतू आवळतात. शब्द घुसमटतो, तुटतो. हसणे, कुजबुजणे, पुष्कळदा गाणेही मात्र सुरळीत असते. त्यामुळे दीर्घकाळ हा मनाचाच रोग मानला गेला आणि रुग्णाला 'धीर धरून बोला' असा उपदेश मिळत राहिला. वस्तुतः जोर लावावा तितका गळा अधिकच आवळतो.

१९८४ मध्ये न्यूयॉर्क येथे डॉ. अँड्र्यू ब्लिट्झर यांनी बोटुलिनम या जहाल विषाची अत्यल्प मात्रा स्वरयंत्राच्या स्नायूत टोचून पाहिली. आजही हाच प्रमुख उपचार आहे. रुग्ण जागा असतो; गळ्यातून सुई आत जाते; त्या क्षणी गिळायचे नाही, सांगितल्यावर 'ई' असा स्वर काढायचा. नंतर आठवडा-दोन आठवडे आवाज पोकळ होतो, पाणी पिताना ठसका लागतो. मग वाणी मोकळी होते, आणि साधारण तीन-चार महिन्यांनी पुन्हा अडखळू लागते. मात्रा दर वेळी नेमकी बसेलच असे नाही. घरचे लग्न, कचेरीतील सभा पाहून सुईची तारीख ठरवावी लागते.

अमेरिकेतील नभोवाणी निवेदिका डायेन रेहम यांना १९९८ मध्ये याच विकारामुळे काही महिने कार्यक्रम सोडावा लागला. उपचार घेऊन त्या परतल्या आणि २०१६ पर्यंत, त्याच कापऱ्या आवाजात, श्रोत्यांशी बोलत राहिल्या. तो आवाज त्यांचा नव्हता, असे कोण म्हणेल?

टिकाऊपणा ही आपलेपणाची कसोटी आम्हांस मान्य नाही. चष्म्याने दिसते ते आपलेच पाहणे असते. सुई स्नायू सैल करते. काय बोलावे, हे ती ठरवीत नाही. ते रुग्णाचेच असते, घुसमटलेल्या दिवसांतही.

तथापि एक जबाबदारी ऐकणाऱ्यांवर उरते. रुग्णाने सुई सोसली. आपण निदान त्याचे वाक्य मध्येच पुरे करू नये, दूरध्वनीवरील शांततेला कंटाळून तो खाली ठेवू नये. औषधाचा गुण ओसरतो त्या आठवड्यांतही त्याला सभेत बोलण्याची पाळी मिळावी. ती देणे वैद्याच्या हाती नाही, आपल्या हाती आहे.