तो माणूस नाही, हे कुणी सांगितलं?

“अरे, तो आधीच मेलाय ना? मग त्याला परत कशाला मारतोस?”

आजीने हे विचारलं तेव्हा मी रकून सिटीच्या पोलीस ठाण्यात अडकलो होतो. बाहेर पाऊस, आत अंधार, एका हातात टॉर्च, पिस्तुलात सहा गोळ्या आणि कॉरिडॉरच्या टोकाकडून पाय ओढत येणारे दोघे. खरं म्हणजे मी बोईसरमध्ये, आमच्या बाहेरच्या खोलीत, सेकंडहँड पीएस फोरसमोर मांडी घालून बसलो होतो. २०२० चा लॉकडाउन लागून आठवडा झाला असेल. घरात टीव्ही एकच. दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा सुरू झालं होतं. रात्री नऊच्या भागासाठी आजी पावणेनऊलाच येऊन बसायची आणि तोवर नाइलाजाने माझा खेळ बघायची.

“झोंबी आहे आजी तो. माणूस नाहीये.”

“असं कुणी सांगितलं?”

मी हसलो आणि गोळी झाडली. असले प्रश्न आजी लोक विचारतातच, असं वाटलं. पुढच्या तीन आठवड्यांत तो प्रश्न माझ्या अंगावर आला.

आधी खेळाबद्दल. ‘रेसिडेंट एव्हिल’ हा खेळ कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९६ साली काढला आणि ‘सर्व्हायव्हल हॉरर’ हे नाव त्याच्यामुळेच रूढ झालं. मी खेळत होतो ती दुसऱ्या भागाची २०१९ मध्ये आलेली नवी आवृत्ती. या प्रकारात शूरपणाचा फारसा उपयोग नसतो. गोळ्या मोजक्या, जखमेवरची औषधं मोजकी, सामान ठेवायला जागा मोजकी. त्यामुळे डोक्यात सतत हिशेब चालू असतो. याला संपवू, की पायात गोळी घालून बाजूने पळू? गोष्टीतली खलनायक म्हणजे अंब्रेला नावाची औषध कंपनी. तिने तयार केलेला विषाणू पसरतो आणि अख्खं शहर मरतं. तारापूर एमआयडीसीच्या वासात वाढलेल्या आमच्यासारख्या पोरांना यात परकं असं काही वाटत नाही. रात्री वारा फिरला की आम्ही म्हणायचो, “अंब्रेलाने आज काहीतरी सोडलंय.”

या सगळ्या हिशेबात एक प्रश्न कधीच येत नाही, तो म्हणजे समोरच्याला मारावं का. तो निकाल खेळ सुरू होण्याआधीच लागलेला असतो. झोंबीला चेहरा असतो, कपडे असतात, या खेळात तर कित्येकांच्या अंगावर पोलिसांचा गणवेश असतो. पण त्याला नाव नसतं, त्याची कुणी वाट बघत नसतं, त्याला दुखत नसतं. दिसायला माणूस, पण माणूस म्हणून त्याचं आपल्यावर काहीच देणं नाही. म्हणून तर त्याला मारून आपण शांत झोपू शकतो.

एक अपवाद आहे. (खेळायचा बाकी असेल तर हा परिच्छेद सोडा.) सुरुवातीलाच मार्विन ब्रॅना नावाचा जखमी पोलीस अधिकारी भेटतो. तो आपला जीव वाचवतो, स्वतःकडचा सुरा देतो आणि माझ्यासाठी थांबू नकोस म्हणतो. बऱ्याच वेळाने आपण त्याच दालनात परत येतो, तेव्हा तो उठून उभा असतो आणि आपल्याकडे चालत येतो. आता तोही झोंबी. नियम तोच आहे, गोळ्याही त्याच. तरी माझा अंगठा थबकला. इतक्या जणांना मारून झाल्यावर मी पहिल्यांदा कुणाला तरी चुकवून पळालो, आणि त्यामागे गोळ्यांचा हिशेब नव्हता.

त्या रात्री मी आजीला डिवचलं, “तुझ्या रामायणात राक्षस मारतात ते चालतं?”

“मारतात की. पण रावण मेल्यावर त्याचं क्रियाकर्म करायला रामानेच बिभीषणाला सांगितलं. मेलेल्याला माणूस म्हणून पोचवावं लागतं.”

झोंबीला कुणी पोचवलेलं नसतं, हीच त्याची मूळ गोष्ट आहे. मराठीत झोंबी म्हणजे झटापट, त्या शब्दाशी याचा संबंध नाही. हा शब्द आला हैतीहून. तिथल्या फ्रेंच वसाहतीत आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबवलं जायचं. १७९१ मध्ये त्यांनी बंड केलं आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. तिथल्या लोकसमजुतीत झोंबी म्हणजे मांत्रिकाने थडग्यातून उठवून कामाला जुंपलेला माणूस. त्याला मरणानेही सुट्टी मिळत नाही. तो कुणाला चावत नाही की कुणाच्या मागे धावत नाही. लोकांना झोंबीची भीती वाटत नव्हती, आपण झोंबी होऊ याची भीती वाटत होती. म्हणजे मुळात झोंबी हा कामगार होता, आणि त्याच्याकडे बघून कीव यायची. पुढे सिनेमाने त्याला आपल्यावर चालून येणारा जमाव करून टाकलं आणि कीव संपली.

आमच्याकडे नाइट शिफ्ट करून आलेल्या माणसाला गमतीने झोंबी म्हणतात. गंमत सोडली, तर शब्दाचा हाच वापर मुळाच्या सगळ्यात जवळचा आहे.

आता एप्रिल. आमच्या भागात मोबाइलवर मेसेज फिरू लागले. रात्री चोर येतात, पोरं पळवतात, किडन्या काढतात. गावांनी रस्त्यावर फांद्या आणि दगड टाकून वाटा बंद केल्या. पाड्यापाड्यांवर काठ्या घेऊन गस्ती सुरू झाल्या. आमच्याकडेही सुरू झाली आणि मीही गेलो. खरं सांगायचं तर मजा येत होती. वीस दिवस घरात कोंडल्यावर अंधारात टॉर्च घेऊन फिरायचं, आवाज आला की थांबायचं, कोपऱ्यावर जपून वळायचं. हे सगळं मला येत होतं.

एका रात्री अकरा वाजून गेल्यावर सायकलवरून एक माणूस आला. औषधांच्या कंपन्या तेव्हाही चालू होत्या. तो सेकंड शिफ्ट सुटून येत असणार, पण हा विचार त्या क्षणी आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आला नाही. त्याच्या तोंडाला मास्क, आमच्या तोंडाला रुमाल. पाच-सहा टॉर्च एकदम त्याच्या डोळ्यांवर. “कुठला रे तू?” तो हिंदीत काहीतरी बोलला, ते मास्कमधून नीट ऐकू आलं नाही. कुणीतरी त्याची पिशवी ओढली. मागून कुणीतरी म्हणालं, “हाच असेल.”

कोण असेल? काय असेल? कुणी विचारलं नाही, मीही नाही. माझ्या हातात काठी होती आणि मनात राग नव्हता. मला बरं वाटत होतं. इतके दिवस नुसतीच हवेत असलेली भीती आता समोर उभी होती, आणि तिला चेहरा मिळाला होता. तो चेहरा टॉर्चच्या उजेडात इतका पांढरा दिसत होता की त्याच्यावर आम्हाला हवं ते लिहिता आलं असतं.

मग एक काका पुढे आले. “अरे, हा आपल्या चाळीत मागच्या खोलीत भाड्याने राहतो. रोज नळावर असतो.”

टॉर्च खाली झाल्या. पिशवीतून निघालेला स्टीलचा डबा त्याला परत दिला. तो सायकलवर बसून गेला. माफी कुणी मागितली नाही.

थोड्याच दिवसांनी, १६ एप्रिलच्या रात्री, आपल्याच जिल्ह्यात डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे जमावाने तीन माणसांना ठार मारलं. दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक. ते मुंबईहून सुरतला एका अंत्यविधीसाठी निघाले होते. समोर पोलीस होते. अफवा तीच होती, आमच्या मोबाइलवरची. त्याचे व्हिडिओ आले तेव्हा ते मी पूर्ण पाहू शकलो नाही. मग मित्रांच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘ही माणसं नाहीत, झोंबी आहेत.’ पटापट अंगठे आले.

फोन ठेवला आणि आजीचा प्रश्न आठवला. असं कुणी सांगितलं?

या वेळी सांगणारा मीच होतो. ते लिहिताना मी तीन गोष्टी केल्या, आणि त्या मला एकेक करून नंतर उमगल्या. पहिली, मी मारणाऱ्यांना सोडून दिलं. झोंबी दोषी नसतो, त्याच्यावर खटला चालत नाही. दोषी ठरवायचं तर आधी माणूस मानावं लागतं. त्या रात्री कुणी मेसेज पुढे पाठवला होता, कुणी पहिला दगड उचलला होता, आणि कुणीतरी नक्की घरीच थांबलं असेल. हे सगळे वेगवेगळे निर्णय होते. पुढे शंभराहून अधिक जणांना अटक झाली ती माणसं म्हणूनच.

दुसरी, ज्या आदिवासी पट्ट्यातल्या लोकांना बाकीचे सहज ‘जंगली’ म्हणतात, त्यांच्यासाठी मी त्याच जुन्या शब्दाचा नवा पर्याय शोधला होता. एका जमावाचा गुन्हा मी अख्ख्या पट्ट्याच्या नावावर टाकून मोकळा झालो होतो.

आणि तिसरी, मी स्वतःला बाजूला काढलं होतं. आमच्या रस्त्यावर आणि गडचिंचल्यात फरक कशाचा होता? आमचं शिक्षण, आमचं शहराजवळ असणं? नाही. आमच्यात एक काका होते आणि त्यांनी तो चेहरा नळावर पाहिलेला होता, एवढाच. याला चांगुलपणा म्हणता येत नाही, हे नशीब आहे. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडच्या पाच नाथपंथी भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून मारलं गेलं, तेव्हाही त्यांचं गाव तिथून फार लांब होतं. ओळखणारा माणूस जवळ असेल तरच जीव वाचणार असेल, तर परक्या गावात कुणीच सुरक्षित नाही.

इथे कुणी म्हणेल, बघा, खेळांनी पोरं अशी झाली. मला ते पटत नाही. राईनपाड्यातला किंवा गडचिंचल्यातला जमाव व्हिडिओ गेमने घडवला नव्हता. त्याला एक अफवा पुरली. मी त्या रात्री काठी घेऊन उभा होतो तो ‘रेसिडेंट एव्हिल’ खेळलो म्हणून नव्हे. पण खेळामुळे मला एक गोष्ट अगदी स्वच्छ बघायला मिळते, ती म्हणजे निकाल आधी लावून दिला की मारणं किती सोपं होतं. खेळात तो निकाल बनवणाऱ्यांनी लावलेला असतो आणि पडद्यावर कुणी खरं मरत नाही. रस्त्यावर तो कुठल्याशा फॉरवर्डने लावलेला असतो, आणि आपण पोचतो तेव्हा फक्त गोळ्यांचा हिशेब उरलेला असतो.

गंमत म्हणजे हा धोका झोंबीपटाला पहिल्यापासून ठाऊक होता. जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ १९६८ साली आला आणि आजचा माणसं खाणारा झोंबी तिथून सुरू झाला. त्यात बेन नावाचा कृष्णवर्णीय नायक रात्रभर झोंबींशी लढून एकटा जिवंत राहतो. सकाळी बंदूकधारी गावकऱ्यांची टोळी येते. खिडकीत त्यांना काहीतरी हलताना दिसतं आणि ते लांबूनच त्याला गोळी घालतात. झोंबींपासून वाचलेला माणूस झोंबी मारणाऱ्यांकडून मरतो. त्यांनी हाक मारून बघितली नाही, की नाव विचारलं नाही.

गडचिंचल्यानंतर दोन महिन्यांनी, १९ जूनला, ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग आला. त्यातही संसर्ग झालेले भयानक जीव आहेत, पण मला ते लक्षात राहिले नाहीत. त्यात माणसांच्या टोळ्या आपल्याला शोधत असतात. त्यातल्या एकाला आपण मारलं की त्याचा साथीदार त्याचं नाव घेऊन ओरडतो. दरवेळी वेगळं नाव. खेळाच्या दृष्टीने त्याने काही बदलत नाही, गोळी तशीच लागते. पण मी दोनदा कंट्रोलर खाली ठेवला.

मी अजूनही हे खेळ खेळतो. झोंबीला मारण्यात पाप आहे असं मला वाटत नाही, तो चित्रातला आहे. आजीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आता माझ्याकडे आहे. तो माणूस नाही, असं आपल्याला नेहमी दुसरंच कुणीतरी सांगतं, आणि आपल्याला ते ऐकायला आवडतं, कारण त्यानंतर घाबरण्याची लाज वाटत नाही. मार्विनसमोर अंगठा थबकला होता, तेवढाच क्षण आपल्या हातात असतो. त्या क्षणात विचारलं तर विचारलं.

मे महिन्यात श्रमिक रेल्वे सुरू झाल्या. त्यातल्या एकीने तो सायकलवाला गावी गेला, असं काकांनी सांगितलं. तो परत आला की नाही माहीत नाही. मार्विनचं आडनाव मला आजही पाठ आहे. मागच्या खोलीत राहणाऱ्या त्या माणसाचं नावसुद्धा मी कधी विचारलं नाही.